एका जुवाखालीं दोन शक्ति

‘हायब्रीड’ हा शब्द मराठी मुलखांत प्रथम आला तो मोटारगाडीबरोबर नव्हे, तर ज्वारीबरोबर. १९६४ सालीं ज्वारीचें पहिलें संकरित वाण भारतांत प्रसृत झालें आणि पुढील दहापंधरा वर्षांत वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा येथील शेतकऱ्यांच्या तोंडीं तो शब्द इतका रुळला कीं, तो परभाषेंतील आहे याचीही कोणास आठवण राहिली नाहीं. पीक भरघोस येतें, पण भाकरीस जुनी गोडी नाहीं, अशी कुरकूरही त्याच वेळीं ऐकूं येऊं लागली. दोन भिन्न कुळांचे गुण एकत्र आणावयाचे आणि तसें करतांना कांहीं गमवावें लागलें तर तें सोसावयाचें, हा संकराचा सर्वत्रच नियम आहे. मोटारगाडीच्या इतिहासांत असाच एक संकर घडून आला आहे. पेट्रोलचें एंजिन आणि विजेची मोटर या दोन शक्ति एका जुवाखालीं जुंपण्याची कल्पना १९०० सालीं व्हिएन्ना शहरांत गाडीच्या रूपानें उभी राहिली. परंतु सामान्य कुटुंबाच्या दारांत ती गाडी येऊन उभी राहण्यास १९९७ साल उजाडावें लागलें. मधलीं जवळजवळ शंभर वर्षें ही कल्पना कोठें दडून राहिली होती, आणि मग ती एकाएकीं कां फोफावली, हें पाहण्याजोगें आहे.

१९०० सालचें चित्र प्रथम डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. घोड्यांवांचून चालणारी गाडी त्या वेळीं नुकतीच रस्त्यावर आली होती. पण ती कशाच्या बळावर चालावी याचा निकाल लागला नव्हता. त्या एका वर्षांत अमेरिकेंतील कारखान्यांनीं ४,१९२ मोटारगाड्या बांधल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. म्हणजे जी पेट्रोलची गाडी पुढें मोटारगाडीचें मूळ रूप समजली गेली ती तेव्हां तिसऱ्या क्रमांकावर होती. वाफेच्या गाडीचें पाणी तापण्यास वेळ लागे. पेट्रोलची गाडी सुरू करावयाची तर पुढील बाजूस दांडा घालून तो जोरानें फिरवावा लागे. एंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. शिवाय धूर, घाण वास आणि खडखडाट हे होतेच. विजेची गाडी या सर्व त्रासांतून मुक्त होती. कळ फिरविली कीं ती मुकाट्यानें चालूं लागे. परंतु तिची बॅटरी शिशाची, वजनानें अवजड, आणि तींतील वीज थोडक्याच मैलांत संपून जाई. एकीस पल्ला नाहीं आणि दुसरीस सभ्यपणा नाहीं, अशी ती स्थिति होती.

व्हिएन्ना येथें लोनर घराण्याचा घोडागाड्यांचा एक नामांकित कारखाना होता. राजघराण्यांतील मंडळींच्या गाड्या तेथें तयार होत. घोडागाडीचे दिवस भरत आले हें ओळखून कारखान्याच्या चालकांनीं विजेच्या गाड्या करण्याचें मनांत घेतलें आणि फर्डिनांड पोर्शे नांवाचा एक तरुण हाताशीं धरला. पोर्शे हा बोहेमियांतील एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १८७५ सालचा; विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती, परंतु विजेचें वेड मात्र लहानपणापासूनचें होतें. त्यानें विजेची मोटर थेट चाकाच्या तुंब्यांतच बसविली. त्यामुळें एंजिनापासून चाकापर्यंत बळ वाहून नेणाऱ्या सांखळ्या व पट्टे यांची गरजच उरली नाहीं. ही गाडी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली गेली आणि जाणत्या लोकांनीं तिची वाखाणणी केली. पण बॅटरीचें वजनच चारशें किलोंच्या वर होतें. गाडीची निम्मीशिम्मी ताकद आपलें ओझें आपणच वाहण्यांत खर्च होई.

पोर्शेनें त्यावर जो तोडगा काढिला तोच या कथेचा आरंभ होय. त्यानें बॅटरी लहान केली आणि गाडींत दोन छोटीं पेट्रोलचीं एंजिनें बसविलीं. या एंजिनांचा चाकांशीं कांहींएक संबंध नव्हता. त्यांनीं फक्त जनित्र फिरवावयाचें, जनित्रानें वीज निर्माण करावयाची, आणि ती वीज चाकांतील मोटरांनीं घ्यावयाची. उरेल ती बॅटरींत जावयाची. या गाडीस त्यानें ‘सेंपर विवुस’ असें लॅटिन नांव दिलें. त्याचा अर्थ ‘सदा जिवंत’. वीज संपून वाटेंत मरून पडणाऱ्या गाड्यांच्या त्या काळांत हें नांव मोठें समर्पक होतें. पुढें याच तत्त्वावर ‘मिक्स्टे’ नांवाच्या गाड्या तयार झाल्या. १९०२ सालच्या लष्करी कवायतींत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना अशाच एका गाडींतून स्वतः पोर्शेनें फिरविलें. परंतु यंत्रांची ही दुहेरी योजना महाग पडे आणि तिची निगाही दुहेरी राखावी लागे. मोजक्याच गाड्या खपल्या. १९०६ सालीं पोर्शे दुसऱ्या कारखान्यांत गेला आणि पुढें त्याचें नांव निराळ्याच गाड्यांशीं जोडलें गेलें.

ही कल्पना एकट्या पोर्शेचीच होती असें मात्र नव्हे. बेल्जममधील आंरी पीपर यानें १९०५ सालीं अमेरिकेंत एका योजनेच्या एकस्वासाठीं अर्ज केला आणि १९०९ सालीं त्यास तें मिळालें. त्याच्या योजनेंत एंजिन व मोटर हीं दोन्ही एकाच दांड्यावर होतीं. चढ लागला कीं मोटरनें एंजिनास हात द्यावयाचा, आणि भार हलका झाला कीं त्याच मोटरनें जनित्र बनून बॅटरी भरावयाची, असा तो सहकार होता. १९१७ च्या सुमारास शिकागो येथील वुड्स कंपनीनें ‘ड्युअल पॉवर’, म्हणजे ‘दुहेरी शक्तीची’, या नांवाची गाडी विकावयास काढिली. मंद गतीला ती विजेवर चाले व वेग वाढला कीं पेट्रोलवर. तिची किंमत २,६५० डॉलर होती. त्याच काळांत हेन्री फोर्ड यांची साधी मॉडेल टी गाडी ३६० डॉलरांच्या आसपास मिळत असे. एका दुहेरी गाडीच्या किमतींत साध्या सात गाड्या येत असतां गिऱ्हाईक कोणीकडे वळेल, हें सांगावयास नको.

दोन गोष्टींनीं या संकराचा मार्ग पुरता बंद केला. पहिली, पेट्रोलची स्वस्ताई. १९०१ सालीं टेक्सासमध्यें स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड फवारा लागला आणि तेव्हांपासून काटकसर हा शब्दच मोटारीच्या व्यवहारांतून हद्दपार झाला. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. चार्ल्स केटरिंग यानें एंजिन सुरू करणारी एक छोटी विजेची मोटर सिद्ध केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत ती बसविण्यांत आली. दांडा फिरविण्याचा त्रास गेला आणि पेट्रोलची गाडी घरांतील स्त्रियांनाही सहज चालवितां येऊं लागली. विजेच्या गाडीचा जो मुख्य आधार होता तोच विजेच्याच एका लहानशा यंत्रानें नाहींसा केला. घरच्याच कुऱ्हाडीच्या दांड्यानें झाड तोडावें, तसा हा प्रकार झाला. पाणबुड्यांत व डिझेलवर चालणाऱ्या आगगाडीच्या एंजिनांत तेल व वीज यांची जोडी पुढेंही नांदत राहिली. कौटुंबिक मोटारींतून मात्र ती अर्धें शतक अदृश्य झाली.

तिची आठवण पुन्हां झाली ती काटकसरीमुळें नव्हे, तर धुरामुळें. १९७० सालीं अमेरिकेंत हवेच्या शुद्धतेसंबंधीं कडक कायदा झाला आणि कमी धूर सोडणारी गाडी जो करून दाखवील त्यास उत्तेजन देण्याची एक सरकारी योजना निघाली. व्हिक्टर वूक नांवाच्या विद्युत्शास्त्रज्ञानें हें आव्हान स्वीकारलें. प्रसिद्ध कादंबरीकार हर्मन वूक यांचे हे बंधु. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा अभ्यास करून त्यांचें मत असें बनलें होतें कीं, त्या काळच्या बॅटरीवर संसारी माणसाच्या गाडीचा भार टाकतां येणार नाहीं; तिला एंजिनाची जोड हवीच. एका सहकाऱ्यासह त्यांनीं १९७२ च्या ब्यूइक स्कायलार्क गाडीचें मूळ एंजिन काढून तेथें एक लहान एंजिन व विजेची मोटर बसविली. या कामीं त्यांनीं पदरचा पैसाही घातला. १९७४ सालीं सरकारी प्रयोगशाळेंत गाडीची परीक्षा झाली. तेलाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला होता आणि विषारी धूर सामान्य गाडीच्या एकदशांशाहूनही कमी भरला.

येथवर पाहतां श्रोत्यांस वाटेल कीं, आतां यश हातीं आलें. अरब राष्ट्रांनीं तेल रोखल्याला तेव्हां वर्षही झालें नव्हतें. अमेरिकेंत पेट्रोलच्या पंपांपुढें रांगा लागून गेल्या होत्या. गरज दाराशीं उभी होती आणि उपायही सिद्ध होता. परंतु संबंधित सरकारी खात्याला ही योजना व्यवहारांत उतरेल असें वाटलें नाहीं, आणि १९७६ पर्यंत तो सर्व उपक्रमच गुंडाळला गेला. त्याच दशकांत दुसरेंही एक बीज पेरलें गेलें होतें. टी-आर-डब्ल्यू या अमेरिकन कंपनींतील चार अभियंत्यांनीं एंजिन, मोटर आणि जनित्र यांना दांतेरी चक्रांच्या एका जुळणीनें एकत्र बांधण्याची युक्ति शोधून १९७१ सालीं तिचें एकस्व मिळविलें होतें. तेंही कागदावरच राहिलें. पुढें तेल पुन्हां स्वस्त झालें, रांगा संपल्या, आणि टंचाईच्या दिवसांत केलेले निश्चय सुकाळांत जसे विसरले जातात तसे हेही विसरले गेले.

हा सर्व दोष खात्यांवर व कारखानदारांवर टाकणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. दोन शक्ति एका जुवाखालीं आणणें सोपें. त्यांना क्षणोक्षणीं हांकणें कठीण. कोणत्या क्षणीं एंजिन बंद करावयाचें, केव्हां मोटरनें हात द्यावयाचा, बॅटरींत किती वीज राखून ठेवावयाची, हें ठरविणारा कुशल सारथी त्या काळीं नव्हता. तो पुढें लाभला संगणकाच्या रूपानें. मोठ्या विद्युत्प्रवाहाला सेकंदांत हजारों वेळां उघडझांप करणारे बळकट ट्रान्झिस्टर तयार झाले. शिशाच्या बॅटरीच्या मानानें हलकी आणि पुनःपुन्हां भरण्यास टणक अशी निकेल व धातु-हायड्राइड यांची बॅटरी आली. ज्या तीन गोष्टींचा पोर्शेपाशीं पूर्ण अभाव होता आणि वूक यांच्यापाशीं ज्या अर्ध्याकच्च्या होत्या, त्या १९९० नंतरच्या दशकांत एकत्र जमल्या.

त्यांचा लाभ उठविला जपानांतील टोयोटा कंपनीनें. एकविसाव्या शतकांतील मोटारगाडी कशी असावी याचा विचार व्हावा, ही चिंता कंपनीचे वयोवृद्ध अध्वर्यु एइजी टोयोडा यांनीं बोलून दाखविली आणि १९९३ सालीं ‘जी-२१’ या नांवानें अभ्यास सुरू झाला. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें आपल्या देशांतील तीन मोठ्या मोटार-कारखान्यांशीं अतिशय काटकसरी गाडी बनविण्याचा करार केला. त्यांत जपानी कारखान्यांना स्थान नव्हतें. जपानी योजनेचें प्रमुखपद ताकेशी उचियामादा यांजकडे सोंपविण्यांत आलें. हे गृहस्थ गाडीचा आवाज व कंप कमी करण्याच्या शास्त्रांत निष्णात होते, पण संपूर्ण गाडीची जबाबदारी त्यांनीं पूर्वीं कधीं घेतली नव्हती. त्यांचे वडील मात्र याच कंपनींत मुख्य अभियंता होते आणि क्राऊन नांवाच्या गाडीची एक पिढी त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाली होती. उचियामादा यांनीं सुधारलेल्या साध्या एंजिनाच्या बळावर निम्म्यानें अधिक पल्ला देणारी गाडी सुचविली. वरिष्ठांनीं ती नाकारली. दीडपट नको, दुप्पट हवें, असा हुकूम झाला. दुप्पट पल्ला साध्या एंजिनानें मिळणें अशक्य होतें; तेव्हां संकराचा मार्ग धरण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

संकराचे सुमारें ऐशीं प्रकार कागदावर मांडून संगणकाच्या साहाय्यानें त्यांची छाननी झाली आणि अखेर एक निवडला गेला. १९९५ च्या नोव्हेंबरांत पहिली प्रायोगिक गाडी जोडून तयार झाली. कळ दाबली, पण गाडी जागची हलेना. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, तब्बल ४९ दिवस ती हलली नाहीं. दोष यंत्रांत आहे कीं संगणकाच्या आज्ञावलींत आहे, हेंच उमगेना. अखेर ती चालली, पण कांहींशें मीटर जाऊन थबकली. बॅटरी उन्हांत तापे आणि थंडींत मलूल होई. मोठे अधिकारी गाडींत बसून पाहूं लागले तेव्हां शेजारच्या आसनावर एक अभियंता मांडीवर संगणक घेऊन बसे. बॅटरी पेट घेण्याइतकी तापत नाहींना, हें पाहणें त्याचें काम. अशा स्थितींत नवे अध्यक्ष हिरोशी ओकुदा यांनीं गाडी १९९७ संपण्यापूर्वीं बाजारांत आलीच पाहिजे, असें ठरविलें. उचियामादा व त्यांचे सहकारी यांनीं रात्रीचा दिवस केला. १० डिसेंबर १९९७ रोजीं ‘प्रियस’ विक्रीस आली. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘आधींची’ असा होतो. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत त्याच देशांतील क्योटो शहरीं पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेवर उपाय शोधण्यासाठीं जगांतील राष्ट्रांची परिषद भरली होती, आणि तेथील करार दुसऱ्याच दिवशीं संमत झाला.

या गाडीचें गूढ समजून घेणें फारसें अवघड नाहीं. खंडाळ्याचा घाट उतरणारी साधी मोटारगाडी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. चढतांना एंजिनानें पेट्रोल जाळून जी शक्ति गाडीला दिली, ती उतरतांना ब्रेक दाबून उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर सोडली जाते. शहरांतील प्रत्येक चौकांत हाच घाट लहान प्रमाणांत चढावा व उतरावा लागतो. संकरित गाडींत वेग कमी करतांना चाकेंच मोटरला फिरवितात, मोटर जनित्र बनते, आणि वायां जाणाऱ्या शक्तीचा मोठा भाग बॅटरींत जमा होतो. पुढच्या वेळीं गाडी जागची हलते ती त्याच सांठ्यावर. मंद गतींत पेट्रोलचें एंजिन फार उधळें असतें. म्हणून तें काम मोटर करते, आणि एंजिन जेथें काटकसरी ठरतें तेथेंच त्याला जुंपतात. दिवा तांबडा झाला कीं एंजिन चक्क बंद होतें. प्रियसमध्यें या दोघांना जोडणारी युक्ति दांतेरी चक्रांची आहे: मध्यें एक चक्र, त्यास सूर्य म्हणतात; त्याभोंवतीं फिरणारीं लहान चक्रें, त्यांना ग्रह म्हणतात; आणि सर्वांना वेढणारें बाहेरचें कडें. ग्रहांच्या चौकटीला एंजिन, सूर्याला जनित्र, आणि कड्याला मोटर व गाडीचीं चाकें. नेहमींच्या गियरची पेटी येथें लागतच नाहीं. ओढीचा बैल व चपळ बैल एका जुवाखालीं जुंपून, रस्ता पाहून कधीं याच्यावर तर कधीं त्याच्यावर भार टाकणारा गाडीवान जसा, तसा येथें संगणक असतो.

पहिल्या प्रियसची किंमत २१ लक्ष ५० हजार येन ठेवण्यांत आली आणि जपानी मापनपद्धतीप्रमाणें ती एका लिटरांत २८ किलोमीटर चाले. महिन्याला एक हजार गाड्या काढाव्या असा कंपनीचा बेत होता. मागणी पाहून तो लवकरच दुप्पट करावा लागला. अमेरिकेंत पहिली संकरित गाडी पोंचविण्याचा मान मात्र होंडा कंपनीच्या ‘इनसाइट’नें १९९९ च्या डिसेंबरांत मिळविला. ती दोनच माणसांची होती. प्रियस २००० सालीं जपानबाहेर गेली आणि २००३ सालीं तिची दुसरी, अधिक ऐसपैस पिढी आली तेव्हां तिनें खऱ्या अर्थानें कुटुंबांत प्रवेश केला. २००४ सालीं फोर्ड कंपनीनें ‘एस्केप’ ही संकरित गाडी काढिली आणि पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर संकरित टॅक्सी दिसूं लागल्या. टॅक्सीवाल्याला तत्त्वज्ञान नको असतें. दिवसाकांठीं किती पेट्रोल वांचलें तें तो पाहतो. त्यानें दिलेली पसंती ही या यंत्राची खरी परीक्षा होती. जपानांत २००९ व २०१० या दोन्ही वर्षीं सर्व गाड्यांत अधिक खपलेली गाडी प्रियस होती. २००७ सालीं टोयोटाच्या संकरित गाड्यांची एकूण संख्या दहा लक्षांवर गेली आणि २०१७ च्या आरंभीं ती एक कोटीवर पोंचली.

या प्रसाराचें सर्वांत विलक्षण दृश्य मंगोलियांत पाहावयास मिळतें. उलानबातर या राजधानींत जपानांत वापरून झालेल्या जुन्या प्रियस गाड्यांची रीघ लागलेली असते. तेथील हिवाळा इतका कडक कीं, साध्या गाड्यांचीं एंजिनें सकाळीं सुरू होतां होत नाहींत; या गाडीची मोठी बॅटरी मात्र आपलें काम करते. शिवाय सरकारनें अशा गाड्यांना करांत सवलत दिली. अशाच सवलतीमुळें श्रीलंकेंतही त्या मोठ्या प्रमाणावर आल्या. एकविसाव्या शतकासाठीं म्हणून श्रीमंत देशांत जी गाडी कल्पिली गेली, ती जुनी झाल्यावर दूरच्या देशांतील मध्यम स्थितींतील कुटुंबांचा आधार बनली.

गुणांबरोबर एक अनपेक्षित दोषही आला. मंद गतींत ही गाडी जवळजवळ निःशब्द चालते. ज्या सभ्यपणाचें १९०० सालीं एवढें कौतुक होतें तोच अंध माणसाला भयावह ठरला. कारण रस्ता ओलांडतांना त्याचा सारा भरंवसा कानांवर असतो. अंधांच्या संस्थांनीं ही गोष्ट नेटानें मांडली. अमेरिकेंत जानेवारी २०११ मध्यें त्यासंबंधीं कायदा झाला आणि अशा गाड्यांनीं मंद गतींत मुद्दाम आवाज करावा, असें ठरलें. शंभर वर्षें आवाज घालविण्यासाठीं झटलेल्या अभियंत्यांना तो पुन्हां घालावा लागला.

भारतांत संकरित गाडी आली ती २००८ सालीं, होंडाच्या ‘सिव्हिक’ या आयात केलेल्या गाडीच्या रूपानें. २०१० मध्यें प्रियसही आली. पण आयातीच्या करामुळें दोन्ही सामान्यांच्या आंवाक्याबाहेर राहिल्या. त्याच २०१० सालीं पुण्यांतील केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज यांनीं एक निराळीच योजना जाहीर केली. ‘रेव्होलो’ नांवाची ही सामग्री जुन्याच गाडीवर चढवून तिला संकरित बनवावयाचें, असा तो विचार होता. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाकडे पाहणारी ही कल्पना होती. परंतु ती रस्त्यावर रुळली नाहीं. २०१५ मध्यें मारुतीनें ‘सियाझ’ गाडीला विजेची सौम्य जोड दिली. २०१७ च्या जुलैपासून वस्तु व सेवा कर लागूं झाला, तेव्हां संकरित गाड्यांवर उपकरासह शेंकडा ४३ कर बसला. विजेच्या गाड्यांवर मात्र तो शेंकडा १२ होता व २०१९ मध्यें ५ वर आला. तरीही २०२२ सालीं होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस या पूर्ण संकरित गाड्या एकामागून एक आल्या आणि कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांनीं त्यांचें स्वागत केलें. २०२४ मध्यें उत्तर प्रदेश सरकारनें अशा गाड्यांचा नोंदणी-कर माफ केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें कराची फेररचना होऊन उपकर गेला व मोठ्या गाड्यांवरील कर शेंकडा ४० झाला.

या करांच्या आंकड्यांमागें खरा वाद आहे तो असा: संकरित गाडी हा मुक्काम आहे कीं केवळ पूल? एक पक्ष म्हणतो, जिच्यांत पेट्रोल जळतें ती गाडी कितीही काटकसरी असली तरी धूर सोडणारच. तेव्हां सवलत द्यावयाची ती निव्वळ विजेच्या गाडीला. नॉर्वे देशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकीं जवळजवळ नऊ पूर्णपणें विजेच्या होत्या, हें उदाहरण तो पुढें करतो. दुसरा पक्ष म्हणतो, एका विजेच्या गाडीला लागणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या धातूंत अनेक संकरित गाड्यांच्या लहान बॅटऱ्या होतात; जेथें वीज भरण्याची सोय गांवोगांव नाहीं आणि जेथें वीजच कोळशावर निर्माण होते, तेथें प्रत्येक गाडीचें थोडथोडें पेट्रोल वांचविणें अधिक फलदायी आहे. २०२४ सालीं युरोपीय संघांत नोंदल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकीं शेंकडा सुमारें ३१ संकरित होत्या. मात्र त्यांत सौम्य जोडीच्याही गाड्या आल्या. दोन्ही पक्षांना आपापल्या मर्यादा मान्य कराव्या लागतात. मोकळ्या हमरस्त्यावर एकसारख्या वेगानें धांवतांना संकरित गाडीचा फायदा बराच कमी होतो. बाहेरून वीज भरतां येणाऱ्या संकरित गाड्यांबद्दल तर युरोपीय आयोगानें २०२४ मध्यें असें दाखवून दिलें कीं, प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांचा धूर कागदोपत्रीं दाखविलेल्या धुराच्या सरासरी साडेतीनपट भरतो. कारण मालक वीज भरण्याचा कंटाळा करून पेट्रोलवरच चालवितात. यंत्र काटकसरी असून भागत नाहीं, तें वापरणाराही तसाच असावा लागतो.

२०१९ सालीं टोयोटा कंपनीनें या गाड्यांसंबंधींचीं आपलीं सुमारें २४,००० एकस्वें २०३० अखेरपर्यंत कोणासही विनामूल्य वापरूं देण्याचें जाहीर केलें. पूर्वीं प्राणपणानें राखलेलें ज्ञान खुलें होतें तेव्हां त्यांत औदार्य असतेंच, आणि आपलाच मार्ग रूढ व्हावा हा हेतुही असतो. पण ज्यांनीं हा मार्ग प्रथम आंखला त्यांना त्यापासून कांहींच लाभ झाला नव्हता, हें विसरतां कामा नये. पोर्शेची ‘सदा जिवंत’ गाडी काळाच्या ओघांत नष्ट झाली. तिच्या नकाशांवरून व चित्रांवरून २०११ सालीं एक प्रतिकृति घडविण्यांत आली, तीच पाहावयास मिळते. व्हिक्टर वूक २००५ सालीं निवर्तले. आपली गाडी नाकारली गेल्यावर तीस वर्षांनीं त्याच तत्त्वावरील गाड्या आपल्या देशांतील रस्त्यांवरून धांवतांना पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें, एवढेंच समाधान.

या दोघांची कल्पना चुकीची नव्हती. तिला पोसणारी जमीन तयार नव्हती. तेल स्वस्त होतें, हवा फुकट होती, आणि दोन्ही अखंड मिळत राहतील असा जगाचा समज होता. तो समज सुटण्यास शंभर वर्षें लागलीं. आज पुण्या-मुंबईच्या एखाद्या चौकांत तांबडा दिवा लागतो, शेंकडों एंजिनें जागच्या जागीं घरघरत राहतात, आणि त्यांच्यामध्यें एखादें एंजिन गप्प होतें. गाडींतल्या माणसांना तें कळतही नाहीं. चौकांत उभा असलेला वाहतुकीचा शिपाई, गजरे विकणारी मुलगी आणि रस्ता ओलांडणारा म्हातारा यांच्या छातींत तेवढाच धूर कमी जातो.